हात लागला, हातात आला नाही

ऐकलं असेल का तिनं?

गुरुवारपासून मार्लिस ह्रोनेकच्या मनात हा एकच प्रश्न ठाण मांडून बसला होता. कोंबड्यांना दाणे टाकताना तोच, चर्चमध्ये गुडघे टेकताना तोच. आज रविवार. दुपारचा एक वाजून वीस मिनिटं झाली होती आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन गप्प होता. तिची मुलगी रेने दर रविवारी एकच्या ठोक्याला फोन करायची. अकरा वर्षांत तिनं एकही रविवार चुकवला नव्हता. एकदा बर्फाच्या वादळात तिच्याकडची वीज गेली, तेव्हासुद्धा तिनं गाडीत बसून, इंजिन चालू ठेवून फोन केला होता. त्या वेळी मार्लिसनं तिचं काही ऐकून घ्यायच्या आधी गाडीची काच थोडी खाली केलीयस ना, एवढंच तीनदा विचारलं होतं.

मार्लिस गुरुवारी जे बोलून गेली ते फार लांबलचक नव्हतं. "तिला आयुष्यात कधी काही धरून ठेवता आलंय का?" बस, एवढंच. पण ते पोटच्या मुलीबद्दल होतं, भर गर्दीत होतं, आणि मुलगी दहा पावलांवर पाठमोरी उभी होती. ऐकलं नसेल, तर आज फोन न येण्याचं कारण साधं असेल. सर्दी झाली असेल, डोळा लागला असेल. ऐकलं असेल, तर फोन पुढच्या रविवारीही येणार नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. रेने भांडणाऱ्यातली नव्हती. ती नुसती बाजूला व्हायची, आणि एकदा बाजूला झाली की वळून यायची नाही.

रेने आता चाळिशीला आली होती. नेब्रास्काच्या पार पश्चिमेला, आईपासून एकशे ऐंशी मैलांवर, धान्याच्या कोठारावर कामाला होती. शेतकऱ्याचा ट्रक आला की त्यात लांब नळी खुपसून मक्याचा नमुना काढायचा, ओल किती आणि फुटका दाणा किती ते बघायचं आणि आकडा सांगायचा, हे तिचं काम. तो आकडा कुणालाच आवडत नसे. "बाई, तुझं यंत्र बिघडलंय," हे दिवसातून चारदा ऐकायचं आणि "चला, पुन्हा लावून बघू," म्हणत तोच आकडा पुन्हा दाखवायचा. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. एक मांजर होतं, तेही मागच्या वर्षी गेलं.

आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर, आठवड्यातून एकदा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून आणि गळ्यात शिट्टी अडकवून ती कुठल्या ना कुठल्या गावच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉलला, चेंडू हातात धरून पळायच्या खेळाला, पंच म्हणून उभी राहायची. इकडच्या गावांत आता अकरा-अकरा मुलं जमत नाहीत, म्हणून आठ-आठ जणांचा खेळ. पंच पाच, त्यांत बाई ही एकटी. बाकी चौघांना कपडे बदलायला खोली मिळायची. हिला गाडी, नाहीतर झाडू-बादल्या ठेवायची खोली.

हे वेड बापाचं. लॅडी ह्रोनेक सकाळचं दूध काढून झालं की गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांनीच चेंडूला लाथ घालायचा, यंत्रांच्या पत्र्याच्या शेडवरून थेट पलीकडे. रेने पलीकडे उभी. तिला बाप दिसायचा नाही, लाथ दिसायची नाही. फक्त धप्प असा आवाज यायचा, आणि मग कितीतरी वेळ रिकामं आभाळ. एकदम पत्र्याच्या कडेवरून तो लांबुडका चेंडू गिरक्या घेत वर यायचा, आणि त्याच्या खाली ती आठ-नऊ वर्षांची पोर, दोन्ही हात वर करून, एकटी. मार्लिस खिडकीच्या काचेवर बोटं आपटायची. "अगं, तोंडावर पडेल! लॅडी, पुरे करा की!" अकराव्या वर्षी रेनेची करंगळी मोडली. ती अजून वाकडी आहे. मार्लिसला ती करंगळी दिसली की आपण तेव्हा बाहेर जाऊन चेंडूच का काढून घेतला नाही, असं वाटायचं.

रेने सतरा वर्षांची असताना लॅडी गोठ्यातच गेला. त्यानंतर चेंडू शेडमध्ये पडून राहिला.

एकोणतिसाव्या वर्षी रेनेनं काईल नावाच्या मुलाशी लग्न केलं. दिसायला देखणा, बोलायला गोड, चर्चमध्ये म्हाताऱ्यांना हात देऊन पायऱ्या उतरवणारा. चौदा महिन्यांनी तो उत्तरेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेला आणि तिथलाच झाला. त्या हिवाळ्यात रेने आईकडे आलेली असताना, दोघी टेबलाशी बटाटे सोलत असताना, मार्लिसच्या तोंडून निघून गेलं, "चांगला मुलगा हातचा घालवलास."

रेनेनं सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "हातचा जायला आधी हातात यावा लागतो, आई. नुसता हात लागला होता."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. मीठ कुठं ठेवलंयस?"

मार्लिसला ते उत्तर उद्धट वाटलं. तिनं ते बरीच वर्षं मनात तसंच ठेवून दिलं, उद्धट उत्तरांच्या कप्प्यात.

पुढच्याच सप्टेंबरात रेने पंच झाली. तेव्हा तिनं आईकडे एकच गोष्ट मागितली. मुठीएवढ्या दोन पिशव्या, शिवलेल्या, आत दाणे भरलेल्या.

"घेवडा भरू?"

"काहीही भर. फक्त गडगडायला नको. पडेल तिथं पडून राहिली पाहिजे."

मार्लिसनं रेनेच्या लहानपणच्या निळ्या पलंगपोसातून कापड कापलं, घरचा वाळलेला मका भरला आणि दुहेरी टीप मारली. शिवताना विचारलं, "कुणी चुकलं की ही फेकायची ना?"

"नाही गं. चुकलं की पिवळा रुमाल. पिशवीत कुणाचा दोष नसतो. पिशवी म्हणजे नुसतं, इथं घडलं."

"आणि एवढ्यासाठी पिशवी?"

"नंतर सगळे धावत सुटतात ना. मग कुठं घडलं ते कुणालाच आठवत नाही."

इतक्या वर्षांत मार्लिसनं मुलीला मैदानावर एकदाही पाहिलं नव्हतं. लोक पंचाला काय काय बोलतात ते तिला ठाऊक होतं, ते आपल्या मुलीला बोललेलं तिला सोसलं नसतं. तिची काळजी सगळी रस्त्याची. हरणं आडवी येतात, पुलावर बर्फ धरतं. म्हणून तिनं नियम घालून दिला होता की सामन्यानंतर घरी पोचल्यावर एक शब्द लिहून पाठवायचा. अकरा वर्षं तो शब्द येत होता. "पोचले." मार्लिस उलट लिहायची, "जेवलीस का? दार लावलंस का?" त्याला उत्तर क्वचित यायचं.

या वर्षी मार्लिसच्या गावच्या, ब्रोडेकच्या शाळेचा शेवटचा हंगाम होता. पुढच्या वर्षी ब्रोडेकची मुलं एल्म फोर्कच्या शाळेत जाणार, त्यांचा शर्ट घालणार. आणि बाद फेरीचा पहिलाच सामना पडला तो ब्रोडेक आणि एल्म फोर्कचा, ब्रोडेकच्या मैदानावर. दोन दिवस आधी पंचांपैकी एकाची कंबर धरली. मुख्य पंचानं रेनेला फोन केला, दोन्ही शाळांना विचारलं. दोन्ही शाळा हो म्हणाल्या. ब्रोडेकवाले तर खूशच झाले, आपलीच पोरगी.

रेने नाही म्हणत होती. "माझ्याच गावात? नको, आई. दुसरं कुणी बघतील ते."

"दुसरं कुणी नाहीये म्हणून तर तुला विचारलं ना? आणि शेवटचा हंगाम आहे. मी तुला कधी पाहिलंच नाही. एकदा बघू दे की."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग रेने म्हणाली, "बरं. ब्लँकेट घेऊन ये. वारा असतो."

मार्लिसला आता त्या शांततेचं ओझं वाटत होतं. तिनंच बोलावलं होतं.

गुरुवारी दुपारी साडेतीनला सामना सुरू झाला. मैदानाच्या कडेनं नेहमीसारख्या गाड्या लागल्या होत्या, तोंडं मैदानाकडे करून. म्हातारी माणसं गाडीतच बसून बघतात, आणि आपला संघ शेवटची रेघ ओलांडून गेला की भोंगे वाजवतात. मार्लिस बाकांच्या पहिल्या रांगेत बसली होती, गुडघ्यांवर ब्लँकेट, शेजारी बर्निस कोपेत्स्की. बर्निसचा नातू कोल्टन ब्रोडेककडून खेळत होता. पहिला अर्धा वेळ मार्लिसनं खेळ पाहिलाच नाही. ती नुसती त्या पट्ट्यांच्या शर्टाकडे बघत होती. रेने खाली वाकायची, मागं सरकायची, हात वर करायची, आणि सोळा मुलं तिच्या हाताकडे बघून थांबायची. मार्लिसला वाटलं, लॅडीनं हे बघायला हवं होतं.

साडेतीन मिनिटं उरली होती. ब्रोडेक चार गुणांनी मागं आणि आपल्याच टोकाला अडकलेलं. पुढं सरकायचा मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी चेंडू लाथेनं लांब उडवून दिला. तो उंच गेला. सूर्य पश्चिमेला खाली आलेला. पलीकडे एल्म फोर्कचा सात नंबरचा मुलगा त्याच्याखाली डोळे बारीक करून उभा. चेंडू त्याच्या हातांवर आला, छातीवर आपटला आणि खाली. गवतावर एक उसळी, आणि धावत आलेल्या कोल्टननं तो उचलला आणि सुसाट सुटला. समोर कुणी नाही. वीस यार्ड, दहा, रेघ.

सगळं ब्रोडेक उभं राहिलं. मार्लिसही ब्लँकेट टाकून उभी राहिली आणि ओरडली. बर्निसनं तिला मिठी मारली. मैदानाभोवतीचे सगळे भोंगे एकदम वाजायला लागले.

शिट्टी केव्हाच वाजली होती. ती भोंग्यांत कुणाला ऐकू आली नव्हती. रेने रेघेपाशी गेलीच नव्हती. कोल्टननं चेंडू जिथं उचलला तिथं तिनं निळी पिशवी टाकली होती, आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवत ती उभी होती. गुण नाहीत. चेंडू ब्रोडेकचा, पण इथून.

भोंगे एकेक करून थांबत गेले. लाकडाच्या वखारीजवळची एक पिकअप शेवटपर्यंत वाजत राहिली, मग तीही थांबली.

"अगं, ही काय करतेय?" बर्निस म्हणाली. "त्यांच्या पोराच्या हातून सुटला! सगळ्या जगानं बघितलं!"

मागून कुणीतरी ओरडलं, "ए पंचबाई, एल्म फोर्कला घर घेतलंस काय?"

दुसरं कुणी म्हणालं, "डोळे कोठारात मक्याबरोबर विकून आलीय!"

थोडं हसू पिकलं. आणि मग सगळ्या रांगेनं वळून मार्लिसकडे पाहिलं. रागानं नव्हे. नुसतं, काहीतरी बोल, अशा नजरेनं. बर्निसचे डोळे भरले होते. म्हणाली, "मार्लिस, तुझी आहे ना ती?"

तेव्हा मार्लिस ते बोलली. लोकांनी आपल्याला त्यांच्यातून वेगळं काढू नये म्हणून बोलली. आणि भोंगे थांबलेले असल्यामुळे ते वाक्य मोकळ्या मैदानावर सगळीकडे गेलं.

रेनेची मान वळली नाही. फक्त शिट्टी तिच्या ओठांतून खाली पडली आणि दोरीला लोंबकळत राहिली.

ब्रोडेकला त्या जागेवरून चार वेळा प्रयत्न करायला मिळाले. चारही फुकट गेले. ब्रोडेक आपल्या शाळेचा शेवटचा सामना वीस-चोवीसनं हरलं. मार्लिस खसखशीच्या कोलाचांचा, घरी भाजलेल्या गोड पावांचा, डबा आणि कॉफीचा थर्मास घेऊन पंचांच्या गाड्यांकडे लगबगीनं गेली, तोवर रेनेची गाडी निघून गेली होती. रात्री मोबाइलवर एक शब्द आला. "पोचले." मार्लिसनं लिहिलं, "जेवलीस का?" आणि मग ते पाठवलं नाही.

शुक्रवारी दुकानात कुणी काही बोललं नाही, हे जास्त वाईट होतं. आज प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी बर्निसनं तिच्या ताटलीत एक जादा कोलाच ठेवला. मेलेल्याच्या घरच्यांना ठेवतात तसा.

"कोल्टन कसा आहे?" मार्लिसनं विचारलं.

"जेवत नाही. त्याच्या आजोबांनी याच मैदानावर पहिले गुण मिळवले होते, बेचाळीस वर्षांपूर्वी. त्याला वाटत होतं, पहिला आणि शेवटचा कोपेत्स्की." बर्निसनं कप खाली ठेवला. "तुझ्या मुलीला मी काही म्हणत नाही हं. तू स्वतःच म्हणालीस तेवढं पुरे आहे."

मार्लिस कोलाच रुमालात गुंडाळून घरी आली. आणि आता एक वाजून वीस मिनिटं झाली होती, मग एक चाळीस, मग दोन. सव्वादोनला तिनं कोट घातला.

अर्लिन दुबस चर्चमागच्या गल्लीत राहायचा. वय चौऱ्याऐंशी. अडतीस वर्षं त्यानं या सगळ्या गावांत पंचगिरी केली होती, आणि रेनेला पहिली शिट्टी त्यानंच दिली होती. बायको एडना गेल्यापासून तो आणि त्याचा कान पडलेला कुत्रा, दोघंच. मार्लिस दारात आली तेव्हा तो टेबलावर धुतलेल्या मोज्यांचा ढीग घेऊन जोड्या लावत बसला होता.

"ये. कोलाच आणलास? कुठला?"

"खसखस. अर्लिन, मला एक सांगा. ती चुकली का?"

"कोट तरी काढ."

"त्या पोराच्या हातून सुटला, कोल्टननं उचलला. मग का नाही पळायचं त्यानं?"

अर्लिननं मोज्यांचा एक गुंडाळलेला जोड उचलला आणि काही न सांगता तिच्या अंगावर फेकला. मार्लिसनं दचकून हात पुढं केले. मोजे बोटांना लागून जमिनीवर पडले. कुत्रा टेबलाखालून आला, त्यानं ते तोंडात धरले आणि थेट मागच्या पडवीत पळाला.

"हा बघ, निघाला कोल्टन!" अर्लिन हसून हसून खोकला. "आता सांग. तुझ्या हातून मोजे सुटले का?"

"पडले की."

"पडले ते दिसलं. सुटले का?"

मार्लिसनं आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"हं, पुन्हा." त्यानं दुसरा जोड फेकला, या वेळी सांगून. तिनं तो नीट पकडला. "धर घट्ट. आता एक पाऊल टाक." तिनं टाकलं. अर्लिननं काठीनं तिच्या मनगटावर टपली मारली. मोजे पडले. कुत्रा तेवढ्यात परत आलेलाच होता.

"हा सुटला," अर्लिन म्हणाला. "तुझ्याकडे होता, तू चाललीस, मग तुझ्या हातून गेला. हा कुत्र्यानं उचलून कुठंही न्यावा, कुणी अडवणार नाही. पहिला मात्र तुझा कधी झालाच नव्हता. नुसता हात लागला होता. तो लाथेचा चेंडू, अजून लाथेचाच. लाथ मारणाऱ्यांना तो मिळाला तर त्यांचा, घ्या खुशाल, पण उचलला तिथंच. घेऊन पळायचं नाही. ज्याच्या हातात तो आलाच नाही, त्याच्याकडून हिसकावला असं कसं म्हणणार?"

मार्लिस खुर्चीवर बसली. कोट अंगावरच होता.

"सगळं गाव म्हणतंय सुटला," ती हळूच म्हणाली.

"गाव दरवर्षी म्हणतं. तीस वर्षांपूर्वीही म्हणत होतं. हात लागणं आणि हातात येणं यांत लोकांना फरक दिसत नाही, कारण पडल्यावर दोन्ही सारखीच दिसतात."

"मग ती बरोबर होती."

"नियम तिला बरोबर ठाऊक होता. पोराच्या हातात चेंडू क्षणभर तरी बसला होता की नाही, ते मला ठाऊक नाही. मी पिकअपमध्ये होतो, काचेवर ऊन. तू बाकावर होतीस. तिथं जवळ एकच माणूस होतं." त्यानं कोलाचाचा तुकडा मोडला. "आणि आपलं गाव, आपल्या शाळेचा शेवटचा दिवस, सगळे भोंगे वाजतायत. तो हात खाली ठेवणं किती सोपं होतं. मी असतो तर खाली ठेवलाही असता, खोटं कशाला बोलू?"

कुत्रा पडवीतून मोजे आणून त्याच्या पायाशी टाकून गेला. मार्लिस त्याच्याकडे बघत होती. मग तिनं ते विचारलं, ज्यासाठी ती खरी आली होती.

"मी काहीतरी बोलले, अर्लिन. बाकावरून. तिला ऐकू गेलं असेल का?"

"काय बोललीस?"

तिनं सांगितलं. तेच सात-आठ शब्द, या स्वयंपाकघरात आणखी वाईट वाटले.

अर्लिननं लगेच दिलासा दिला नाही. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ऐकलं असणार. आम्हाला सगळं ऐकू येतं, बाई. आम्ही ऐकू येत नाही असं दाखवतो. आणि पाचशे माणसं ओरडत असली तरी त्यांत घरचा आवाज वेगळा कळतो. एडना एकदाच ओरडली होती, एकोणीसशे सत्तरच्या आसपास. अजून कळतो."

मार्लिसनं डोळे पुसले. रागही आला होता, की यानं खोटं तरी बोलावं.

"तुम्ही काय केलंत? एडना ओरडली तेव्हा?"

"घरी आलो, जेवलो, झोपलो. तीही झोपली." त्यानं एक मोजा उचलला आणि परत ढिगात टाकला. "अडतीस वर्षं, मार्लिस. दर सामन्यानंतर लोक मला सांगायचे, त्यांना काय दिसलं. दुकानात, चर्चमध्ये, घरी. मला काय दिसलं, असं एकानं कधी विचारलं नाही. एडनानंही नाही. चांगली बाई होती ती."

मग तो उठला, दाराजवळच्या खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि टेबलावर निळी पिशवी ठेवली. "शुक्रवारी सकाळी याला फिरवताना मैदानावर मिळाली. विसरून गेली. अकरा वर्षांत कधी विसरली नसेल."

मार्लिसनं ती हातात घेतली. दवानं ओली होऊन वाळलेली होती, एका कोपऱ्यावर टीप उसवली होती आणि आतला मक्याचा एक दाणा बाहेर डोकावत होता. जिथं टाकली तिथंच राहिली होती, सगळे निघून गेल्यावरही, रात्रभर.

घरी येताना ती मुद्दाम मैदानावरून आली. बाकांवर कुणी नव्हतं. गाड्यांच्या चाकांनी गवताच्या कडेला खड्डे पडले होते. ती त्या जागेपाशी उभी राहिली, अंदाजानं, आणि तिला वाटलं की आपण बाकावर बसलो होतो तिथून हे किती जवळ होतं. दहा पावलं म्हणजे काहीच नाही.

साडेतीनला ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली, पिशवी समोर ठेवून. सुई-दोरा काढला आणि उसवलेला कोपरा शिवायला घेतला. याच टेबलाशी बटाटे सोलले होते. दोन टाके झाले आणि तिचा हात थांबला.

"हातचा जायला आधी हातात यावा लागतो, आई. नुसता हात लागला होता."

ते उद्धट नव्हतं. रेनेनं तिला तेव्हा सगळं सांगितलं होतं. तो गोड बोलणारा मुलगा तिचा कधी झालाच नव्हता, चौदा महिने त्याच्या आजूबाजूला राहून ती एकटीच होती, आणि तिच्या हातून काही सुटलं नव्हतं. तिनं हे सांगितलं, आणि आईनं विचारलं, म्हणजे काय, आणि मग आईला मीठ कुठं आहे ते सांगावं लागलं. त्यानंतर मार्लिस दहा वर्षं गावभर सांगत फिरली की आमच्या रेनेला चांगला मुलगा राखता आला नाही. गुरुवारी बाकावर ती काही नवीन बोललीच नव्हती.

तिला एकदम भीती वाटली. रस्त्यावरच्या हरणांची वाटायची तशी नव्हे. ती भीती तिला सवयीची होती, तिच्यात तिचे दिवस जात. ही वेगळी होती. की आपणच या मुलीला आजवर नुसता हात लावत आलो. जेवलीस का, टायर बघितलेस का, दार लावलंस का. रेनेनं एकदा हसत म्हटलंही होतं, "आई, तुझा फोन म्हणजे सरकारी तपासणी. सगळं ठीक निघालं की तू ठेवून देतेस."

तिनं उरलेले टाके घातले, दोरा दातानं तोडला. पिशवी तळहातावर ठेवून वजन पाहिलं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. रेने वाट बघत असेल, असं मार्लिसला वाटलं नाही. ती वाट बघणाऱ्यातली नव्हती. कदाचित ती उचलणारच नाही. मग पुन्हा करायचा. उद्या कोठारावर करायचा, तिथं उचलावाच लागतो. मी चुकले, हे सांगायचंच होतं, पण ते पहिलं नाही. पहिलं ते म्हटलं तर रेने "जाऊ दे गं" म्हणेल आणि बाजूला होईल. पहिलं वाक्य तिनं चर्चमागच्या गल्लीपासून घरापर्यंत मनात घोळवत आणलं होतं. तुला काय दिसलं, रेने? आणि मग गप्प बसायचं. ती सांगेपर्यंत, कितीही वेळ लागला तरी.

टायरांबद्दल विचारायचं नाही, असं स्वतःला बजावत मार्लिस उठली. डाव्या मुठीत पिशवी तशीच होती. उजव्या हातानं तिनं फोन उचलला.